बंद गाडीतले बिऱ्हाड

कित्येक महिने कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडले, की बहुतेक वेळा आधी दिसतो उंदराचा संसार. चिंध्या, सुकलेला पाला, सीटमधला फोम, सगळे एअर फिल्टरच्या डब्यात नीट रचलेले. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कुरतडून ते झिजवावेच लागतात, म्हणून वायरींवर संक्रांत येते.

त्याहून बघण्यासारखे काम कुंभारीण माशीचे. दाराच्या बिजागरीशी, कधी आरशामागे, ती ओल्या चिखलाच्या गोळ्या आणून एकेक कोठी बांधते आणि तीत कोळी भरते. हे कोळी मेलेले नसतात, डंखाने लुळे पडलेले असतात, त्यामुळे लवकर कुजत नाहीत. त्यांतल्या एकावर अंडे घालून ती कोठीचे तोंड लिंपून टाकते. अळी बाहेर आली, की ताजे अन्न समोर तयार! ही माशी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. कोठ्यांना गोल भोके दिसली, तर पुढची पिढी उडून गेली असे समजावे आणि मग खुशाल त्या खरवडाव्यात. तोवर धीर धरावा.

उंदरामागून साप येतो. धामण असेल तर बिनविषारी, पण नागही येऊ शकतो. म्हणून इंजिनाच्या सांदीत हात घालण्याआधी टॉर्च मारावा. साप दिसलाच, तर काठी शोधू नये. महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाने भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात, कारण उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.