विश्लेषण : पंच नाही, शिष्यवृत्ती नाही, तरी सलग चार विजेतेपदे... अमेरिकी कॉलेजांत मुलींचे ‘अल्टिमेट’ चालते कसे?

अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना म्हटले की आपल्याकडे मायकल जॉर्डन आठवतो. तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघाने २०हून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली आहेत. त्या संघाला शिष्यवृत्ती आहे, पगारी प्रशिक्षक आहेत, स्वतःचे स्टेडियम आहे. याच विद्यापीठातील मुलींचा आणखी एक संघ २०२१ ते २०२४ असा सलग चार वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. कोविडमुळे २०२१ची स्पर्धा डिसेंबरपर्यंत लांबली होती, म्हणजे हे चार करंडक जेमतेम अडीच वर्षांतले. संघाचे नाव ‘प्लीएडीज’, म्हणजे आपल्या कृत्तिका. खेळ अल्टिमेट, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘फ्रिस्बी’ म्हणतात. आणि दर्जा? विद्यार्थ्यांनीच चालवलेला एक क्लब.

खेळ नेमका काय?

एका बाजूला सात खेळाडू. सुमारे १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना १८ मीटरचा एंड झोन. १७५ ग्रॅमची प्लास्टिकची तबकडी (डिस्क) पास करत पुढे न्यायची आणि समोरच्या एंड झोनमध्ये सहकाऱ्याने ती झेलली की एक गुण. साधारण १५ गुणांना सामना संपतो. डिस्क हातात असताना धावता येत नाही. एक पाय रोवून उभे राहायचे आणि १० सेकंदांत पास द्यायचा. हे सेकंद प्रतिस्पर्धी खेळाडूच समोर उभी राहून मोठ्याने मोजते. पास जमिनीवर पडला किंवा मैदानाबाहेर गेला की डिस्क समोरच्या संघाची.

डिस्क हवेत स्थिर राहते ती तिच्या गिरकीमुळे, भोवऱ्यासारखी. गिरकी कमी पडली की ती डगमगते आणि एका बाजूला कलंडते. नवख्यांची दमछाक होते ती मनगटाच्या झटक्याने टाकल्या जाणाऱ्या फोरहँडवर, ज्याला खेळाडू ‘फ्लिक’ म्हणतात. वारा असेल तर सगळी गणिते बदलतात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मिळवलेला एक गुण सामना फिरवू शकतो, म्हणून जोराच्या वाऱ्यात चांगले संघही लांब पास टाळून छोट्या-छोट्या पासवर येतात.

‘फ्रिस्बी’ का म्हणत नाहीत?

ते एका कंपनीचे नोंदणीकृत नाव आहे. फ्रेड मॉरिसन यांनी तयार केलेली ‘प्लूटो प्लॅटर’ ही डिस्क १९५७मध्ये व्हॅम-ओ कंपनीने बाजारात आणली आणि नंतर तिला फ्रिस्बी हे नाव दिले. अल्टिमेट मात्र जन्मला १९६८मध्ये, न्यू जर्सीतील मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये. तो सुरू करणाऱ्या मुलांत जोएल सिल्व्हर होता. पुढे ‘डाय हार्ड’ आणि ‘द मॅट्रिक्स’ची निर्मिती करणारा तोच. कॉलेजांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १९७२ रोजी झाला. त्यात रटगर्सने प्रिन्स्टनला २९-२७ असे हरवले. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९८४ला सुरू झाली, मुलींचा स्वतंत्र गट १९८७ला.

पंच नसताना भांडणे होत नाहीत?

होतात. गल्ली क्रिकेटमध्ये ‘बॅट लागली की नाही’ यावरून जशी होतात तशीच. फरक इतकाच, की इथे भांडणाचीही पद्धत ठरलेली आहे. झेल घेताना धक्का लागला असे वाटले तर ती खेळाडू स्वतः ‘फाउल’ म्हणते आणि खेळ थांबतो. समोरचीने मान्य केले तर डिस्क धक्का लागलेल्या खेळाडूला मिळते. तिने ‘मान्य नाही’ म्हटले, तर डिस्क पुन्हा पास देणारीकडे जाते, जणू तो पास झालाच नव्हता. दोघीही खरे बोलत असतील हे गृहीत धरूनच नियम लिहिला आहे. याला ‘स्पिरिट ऑफ द गेम’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर सामन्यानंतर प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याला नियमांची जाण, अंगाला अंग भिडणे, न्यायबुद्धी, वृत्ती आणि संवाद या पाच बाबींवर २० पैकी गुण देतो.

अर्थात राष्ट्रीय अंतिम सामन्यात १४-१४ असताना सगळ्यांचीच न्यायबुद्धी शाबूत राहते असे नाही. चुकीचा फाउल मागून वेळ काढणारे संघ असतात. म्हणून अमेरिकेत मोठ्या सामन्यांना ‘ऑब्झर्व्हर’ असतात. डिस्क रेषेच्या आत की बाहेर हे ते सांगतात. फाउलबाबत मात्र आधी खेळाडूंनी बोलायचे, पटले नाही तरच ऑब्झर्व्हरकडे जायचे. ही तडजोड आहे, आणि जुन्या खेळाडूंपैकी काहींना ती आजही खटकते.

मग अडचण कुठे आहे?

पैशांत. अमेरिकेत १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि मुलींच्या खेळांना दारे उघडली. पण विद्यापीठाचा मोठा पैसा जातो तो ‘व्हार्सिटी’ म्हणजे अधिकृत संघांकडे. कॉलेज क्रीडा चालवणाऱ्या एनसीएएच्या यादीत अल्टिमेट नाही. त्यामुळे बहुतेक सगळे संघ ‘क्लब’ गटात मोडतात. विद्यापीठ थोडे अनुदान देते, बाकी मुलींनी वर्गणी काढायची. व्हॅन भाड्याने घ्यायची, मैदान मिळवायचे, अर्ज भरायचे आणि सोमवारी परीक्षा असेल तर परतीच्या गाडीत अभ्यास करायचा. कर्णधार ही इथे अर्धी कारकूनही असते. प्रशिक्षक अनेकदा बिनपगारी माजी खेळाडू.

याची खरी किंमत दुखापतीत कळते. जोरात धावणे, एका पायावर झटकन वळणे, उडी मारून उतरणे यामुळे गुडघ्यातील एसीएल फाटण्याचा धोका असतो आणि अशा खेळांत तो मुलींना मुलांपेक्षा जास्त, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. व्हार्सिटी संघाच्या सरावाला फिजिओ उभा असतो. क्लब संघाला तो मिळेलच असे नाही. ‘स्वायत्तता’ हा शब्द ऐकायला छान वाटतो, पण गुडघा बांधायला माणूस लागतो.

दुसऱ्या बाजूला, शिष्यवृत्ती नसल्यामुळेच दार उघडे राहते. शाळेत कधीही डिस्क न धरलेली मुलगी पहिल्या वर्षी येते आणि चौथ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा खेळू शकते. फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये हे जवळपास अशक्य.

राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कसे पोहोचतात?

यूएसए अल्टिमेट ही संघटना स्पर्धा घेते. आधी कॉन्फरन्स, मग विभाग आणि मे महिन्यात राष्ट्रीय. पहिल्या डिव्हिजनमध्ये २० संघ येतात. दहा विभागांना प्रत्येकी एक जागा हक्काची. उरलेल्या दहा जागा हंगामातील क्रमवारीनुसार वाटल्या जातात. क्रमवारी नुसत्या विजयावर नाही, गुणांच्या फरकावरही ठरते. म्हणजे सामना हातात असला तरी शेवटच्या गुणापर्यंत धावावे लागते. लहान कॉलेजांसाठी तिसरी डिव्हिजन वेगळी आहे. (मधली दुसरी? ती नाहीच.)

ऑलिम्पिकचे काय?

जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघाला २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली. मात्र लॉस एंजेलिस २०२८साठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रोस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल निवडले गेले. घरच्या मैदानावर जन्मलेले अल्टिमेट बाहेरच राहिले. महासंघ पुढे करतो तो मिश्र संघांचा प्रकार, ज्यात सात जणांत चार-तीन असे मुले-मुली असतात. वर्ल्ड गेम्समध्ये २००१पासून तोच खेळला जातो. भारतातही मिश्र संघ हाच नेहमीचा प्रकार आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर तो रुजला, मग इतर शहरांत पसरला. फक्त मुलींचे कॉलेज संघ आणि त्यांची स्वतंत्र साखळी, ज्यावर अमेरिकेतील हे सगळे उभे आहे, ती अजून इथे उभी राहायची आहे.