सोन्याचं मांजर आणि शेवटचं इंजेक्शन

म्हातारं मांजर पाणी जास्त प्यायला लागलं की घरातल्यांना बरं वाटतं. एरवी वाटीकडे ढुंकूनही न बघणारी मनी आता बादलीत तोंड घालते, बेसिनवर चढून नळाच्या थेंबाची वाट बघत बसते. उन्हाळा आहे, पिऊ दे, असं सगळे म्हणतात. डॉक्टर मात्र हे ऐकताच विचारतात, वाळूतले लघवीचे गोळे मोठे झालेत का? वजन उतरलंय का? आणि रक्त तपासायला घेतात. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. शिकारीच्या मांसातल्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करून ते पाणी राखायचं, ही त्यांच्या मूत्रपिंडाची करामत. मूत्रपिंड थकलं की पाणी अंगात राहत नाही, म्हणून मांजर पीत सुटतं. हे आपल्या नजरेत भरेपर्यंत मूत्रपिंडाचं सुमारे दोन तृतीयांश काम थांबलेलं असतं.

मांजराच्या म्हातारपणाची माहिती आपल्याला आजीकडून मिळाली नाही, कारण आजीच्या काळात मांजरं म्हातारी व्हायचीच नाहीत. वाड्यातली मांजर गाडीखाली जायची, बोका मारामारीतल्या जखमा चिघळून मरायचा, नाहीतर एक दिवस दिसेनासा व्हायचा. मग खिडक्यांना जाळ्या बसल्या, लसी आल्या, नसबंदी रुळली आणि घरातली मांजरं पंधरा-सोळा वर्षं काढू लागली. माणसाच्या हिशेबात मांजराची पहिली दोन वर्षं म्हणजे २४ आणि पुढचं प्रत्येक वर्ष चाराचं धरतात. म्हणजे १५ वर्षांची मनी ७६ वर्षांची आजी झाली. टेक्सासमधली क्रीम पफ तर १९६७ ते २००५ अशी तब्बल ३८ वर्षं जगली. तो विक्रम झाला. आपल्या मनीने अठरा गाठली तरी पुष्कळ.

‘मरण जवळ आलं की मांजर आपणहून घर सोडून जातं, त्याला कळतं,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मरण कळतं की नाही कोण जाणे, पण आजारी मांजर लपतं हे खरं. मांजर उंदराला खातं, तसं त्याला खाणारेही असतात. दुबळेपणा दिसला की संपलं, एवढं त्याच्या रक्तात भिनलेलं आहे. म्हणून ते पलंगाखाली, कपाटामागे, बाथरूमच्या थंड फरशीवर जाऊन बसतं. ही समजूत गोड आहे आणि तिचा तोटाही आहे. मांजर कोपऱ्यात गेलं की आपण त्याला एकांत हवाय असं समजतो. पुष्कळदा त्याला औषध हवं असतं.

मूत्रपिंडाचा आजार बरा होत नाही, लांबवता येतो. रक्तातलं क्रिएटिनिन, एसडीएमए, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब बघून डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या धरतात. दुसऱ्या पायरीवर सापडलेलं मांजर आहार सांभाळून काही वर्षंही काढतं. चौथीवर सापडलं तर हिशेब आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा. मधल्या काळात बहुतेक घरांत सलाईन येतं. सुरुवातीला सगळ्यांचेच हात कापतात, पण यात शीर शोधायची नसते. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई त्या तंबूत घालायची, आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली कपड्यांच्या दांडीला टांगायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर मांजर कमी कुरकुरतं. पाठीवर लिंबाएवढा फुगा येतो, तो हळूहळू ओघळून एका पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. त्याने घाबरू नये. किती मिली आणि किती दिवसांनी, हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचं, कारण हृदय कमजोर असेल तर हेच पाणी छातीत साठतं.

म्हातारपणी आणखी दोन आजार फसवतात. थायरॉईड वाढलेलं मांजर अधाशासारखं खातं आणि तरी वाळत जातं. भूक चांगली आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात. दुसरा उच्च रक्तदाब. काल नीट चालणारं मांजर आज भिंतीला धडकतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. दाबामुळे डोळ्यातला पडदा सुटलेला असतो. तातडीने औषध मिळालं तर कधी कधी थोडी दृष्टी परत येते.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी अशी. मांजराला दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धीही नाही. ते पचवून बाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजराकडे जवळजवळ नसते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि एका गोळीत मांजर जाऊ शकतं. वेदनेवर मांजराला चालणारी औषधं आहेत, पण ती पशुवैद्यकाच्या चिठ्ठीची.

वेदना ओळखायची कशी, हा खरा कळीचा प्रश्न. मांजर कण्हत नाही. उलट, घुरघुरतं. घुरघुर म्हणजे सुख, ही आपली ठाम समजूत, पण मांजरं प्रसूतीच्या कळांत, जखमी असताना आणि अगदी शेवटच्या तासांतही घुरघुरतात. तेव्हा आवाजावर जाऊ नये, चेहरा बघावा. कॅनडात माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे आकसलेत का, नाकातोंडाचा भाग ताणलाय का, मिशा सैल न राहता ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलंय का? प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायला हवं. ही पट्टी मुख्यतः अचानक उठणाऱ्या दुखण्यासाठी आहे, महिनोन्‌महिने मुरलेल्या दुखण्यासाठी तितकीशी नाही. पण एकदा ती चित्रं पाहिली की ‘शांत बसलीय’ आणि ‘आवळून बसलीय’ यांतला फरक कळायला लागतो.

मुरलेलं दुखणं सवयींत दिसतं. ओट्यावर एका उडीत जाणारी मनी आधी स्टूलवर, मग ओट्यावर जाते. मग जातच नाही. पाठ चाटणं सोडते, केसांच्या गुठळ्या होतात. वाळूच्या ट्रेच्या काठाबाहेर लघवी करते आणि आपण ओरडतो. तिला काठ ओलांडताना सांधे दुखत असतात. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांधे झिजलेले दिसतात. ट्रेचा एक काठ कापून खाली करणं हा फुकटातला उपचार आहे.

अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी शेवटच्या काळासाठी सात प्रश्नांची यादी केली आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी दहा गुण, बेरीज ३५ च्या वर असेपर्यंत ठीक. यादी उत्तम आहे, बेरजेवर माझा फारसा विश्वास नाही. प्रेमाने माणूस गुण वाढवून देतो. त्यापेक्षा कालनिर्णयवर रोज रात्री एक खूण करावी, दिवस बरा गेला की वाईट. आणि मनीच्या तीन आवडी तिच्या बऱ्या दिवसांतच लिहून ठेवाव्यात. उदाहरणार्थ, दाराच्या कडीचा आवाज आला की धावत येणं, चारच्या उन्हात झोपणं, सुकटीचा डबा उघडला की पायात घोटाळणं. तिन्ही गेल्या की यादी आपोआप बोलते. (सुकट खारट, मूत्रपिंडाला वाईट, हे खरंच. पण शेवटच्या आठवड्यात पथ्याचं पाऊच ती हुंगत नसेल आणि बोंबलाचं डोकं खात असेल तर डॉक्टरही खाऊ द्या म्हणतात.)

यानंतर प्रश्न येतो तो मरण देणाऱ्या इंजेक्शनचा, आणि इथे आपल्या मनात सोन्याचं मांजर उभं राहतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे लहानपणी ज्याच्या कानावर पडलेलं नाही असा मराठी माणूस विरळा. शिकलेल्या घरांतही ‘आपण कोण तिला मारणारे, जाईल तिची ती’ हे वाक्य येतंच. काही पशुवैद्यकही श्रद्धेपोटी हे काम करत नाहीत. तो त्यांचा अधिकार, पण आपले डॉक्टर करतात की नाही हे आधीच विचारून ठेवावं. रात्री अकरा वाजता ते शोधत बसायची वेळ येऊ नये.

‘तिची ती’ जाणं प्रत्यक्षात कसं असतं? मूत्रपिंड निकामी झालेलं मांजर झोपेत अलगद जातं असं क्वचित घडतं. रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांनी मळमळ होत राहते, तोंडात व्रण पडतात, अंग थंड पडत जातं, कधी झटके येतात. याला दिवस लागतात. निसर्गाने जाऊ द्यावं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की जंगलात असं मांजर इतके दिवस टिकलंच नसतं. सलाईन देऊन आपण निसर्गाचा हात आधीच अडवलेला असतो.

गांधीजींच्या साबरमती आश्रमात १९२८ मध्ये एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होतं. त्यांनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं आणि ‘नवजीवन’मध्ये तसं लिहून जाहीरही केलं. अहिंसेच्या उपासकाने गोवत्स मारलं म्हणून संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्याच लिखाणात त्यांनी पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांचाही प्रश्न घेतला होता, आणि माकडं मारणं ही मात्र हिंसाच ठरेल, असं म्हटलं होतं. फरक स्वार्थाचा. वासराच्या मरणात मारणाऱ्याचा काही लाभ नव्हता.

ही कसोटी मला मांजराच्या बाबतीत फार उपयोगी वाटते, कारण ती दोन्ही बाजूंनी कापते. सहलीची तिकिटं काढलीत, सोफा खराब होतोय, म्हणून घाई करणं हा स्वार्थ आहे हे सगळ्यांना कळतं. पण ‘मला ती नसलेलं घर सहन होणार नाही’ म्हणून आणखी एक सलाईन, आणखी एक सिरिंजभर जबरदस्तीचं अन्न, हाही स्वार्थच, आणि तो प्रेमाचे कपडे घालून येतो. उशीर करणाऱ्यांना लोक नावं ठेवत नाहीत, एवढाच फरक. खाणं पूर्ण थांबायच्या आधी, अजून आपल्या मांडीवर येते आहे अशा एखाद्या दिवशी निर्णय घेणं क्रूर वाटतं. माझ्या मते तोच दिवस योग्य.

कायद्याच्या बाजूने आपल्याकडे अडचण नाही. माणसाच्या बाबतीत मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्यापुरती वाट उघडली, २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. इंजेक्शन देऊन मरण देणं आजही गुन्हाच आहे. असाध्य यातनेतल्या जनावराला पशुवैद्यकाने वेदनारहित मरण देणं मात्र गुन्हा नाही.

प्रत्यक्ष काय होतं ते आधी माहीत असावं. आधी गुंगीचं इंजेक्शन, काही मिनिटांत मांजर गाढ बेशुद्ध. मग भूल देणाऱ्या औषधाचाच खूप मोठा डोस, त्याने श्वास आणि हृदय थांबतं. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचं इंजेक्शन वापरणार असतील, तर त्याआधी मांजर पूर्ण बेशुद्ध आहे याची खात्री करून घ्या. शुद्धीत ते देणं अमानुष आहे, आणि तसं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. नंतर एखादा स्नायू फडफडतो, एखादा श्वास घेतल्यासारखा होतो, लघवी होते. यातलं काहीही मांजराला जाणवत नसतं. घरी येणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम, नाहीतर तिचीच चादर बरोबर न्यावी.

देहाचं पुढे काय, हेही आदल्या दिवशी ठरवावं. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. गावी किंवा अंगण असेल तर पुरता येतं, पण खड्डा निदान तीन फूट खोल हवा. इंजेक्शनचं औषध देहात राहतं आणि कुत्र्याने उकरून खाल्लं तर तेही मरतं.

मुलांना ‘मनीला गावी दिली’ असं सांगू नये. मुलं गावी गेल्यावर तिला शोधतात. मोठ्यांची पंचाईत वेगळीच. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की सगळे भुवया काढायचे. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्याला न विचारता कळायचं. आपल्याकडे मांजराचं सुतक नाही, दहावं नाही, ऑफिसात रजा मागावी तर कारण पोटदुखीचं द्यावं लागतं. अशा दुःखावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तकच काढलं: समाज ज्याला दुःख म्हणून मान्यता देत नाही ते दुःख. ‘दुसरं आण की’ म्हणणाऱ्यांवर रागावण्यात अर्थ नाही, पण त्यांचं लगेच ऐकण्याची घाईही नको.

विशेषतः घरात दुसरं मांजर असेल तर. ते काही दिवस खोल्या हुंगत फिरतं, ओरडतं, कधी जेवण टाकतं. त्याच्या वेळा आणि वाटी जिथल्या तिथे ठेवा. आणि दीड-दोन दिवस त्याने काहीच खाल्लं नाही तर शोक म्हणून सोडून देऊ नका. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते काही दिवसांत गंभीर आजारी पडतं. त्याला डॉक्टरकडे न्या.