लाकडी ठशांत कोरलेला पश्चिम भारत

जर्मन भाषक प्रदेशांत १४६० नंतरच्या साधारण शंभर वर्षांत लाकडी ठशांच्या चित्रांनी सजलेले जे ग्रंथ छापले गेले, त्यांच्या उरलेल्या प्रती आज युरोप-अमेरिकेतील मोठी ग्रंथालये आणि संग्रहालये प्राणपणाने जपतात, आणि एखादी चांगली प्रत लिलावात आलीच तर ती सामान्य ग्रंथप्रेमीच्या आवाक्यात नसते. मुद्रणकलेच्या इतिहासकारांनी या ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्यांच्या पानांवर पश्चिम भारत किती ठिकाणी डोकावतो, याकडे मराठी वाचकाचे लक्ष फारसे गेलेले नाही. ज्यातून तापी वाहते आणि नर्मदा ज्याची उत्तर सीमा आहे, त्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला तर या ग्रंथांत आपल्या परिसराशी जोडलेल्या अनेक गोष्टी सापडतात : पंचतंत्रातील कोल्हे, एकेकाळी नंदुरबारवर सत्ता असलेल्या सुलतानाचा गेंडा आणि आज नंदुरबारच्या बाजारपेठेची ओळख बनलेली मिरची. या सर्वांच्या बाबतीत घडले ते असे की ठसा कोरणाऱ्याच्या हातून जे रूप एकदा लाकडात उतरले, ते खरे असो वा कल्पित, तंतोतंत त्याच रूपात हजारो डोळ्यांपुढे गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

काष्ठठसा म्हणजे सपाट घासलेल्या लाकडी फळीवर रेखाटलेले असे चित्र, ज्यात रेषा तेवढ्या उंच ठेवून भोवतीचे लाकूड कोरून काढलेले असते. कापडावर छपाई करणारे भावसार कारागीर जो ठसा रंगात बुडवून कापडावर उठवीत, त्याचेच हे कागदावरचे भावंड होय. या कामासाठी नासपतीसारखे दाट पोताचे लाकूड पसंत केले जाई, कारण त्यात बारीक रेषाही तुटत नाही. ठशाची उंची अक्षरांच्या खिळ्यांइतकीच ठेवली की मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळून, एकाच शाईने, एकाच दाबात छापता येत असे, आणि या सोयीतच सचित्र ग्रंथाचा जन्म आहे. चित्रकार आणि ठसा कोरणारा हे बहुधा दोन वेगळे कारागीर असत. कोरणाऱ्यांचे संघ आपल्या हक्कांविषयी इतके जागरूक होते की आउग्सबुर्ग येथे ग्युंटर त्साइनर या मुद्रकाने १४६८ च्या सुमारास काम सुरू केले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि ठशांचे काम संघाकडेच राहील या अटीवर तडजोड झाली. हस्तलिखितांच्या काळात चित्राची नक्कल करताना प्रत्येक हाताकडून थोडा बिघाड होत असे, आणि दहाव्या नकलेपर्यंत वनस्पतीचे पान कोणत्या आकाराचे होते हेही कळेनासे होई. ठशाने हा बिघाड थांबवला, हे त्याचे ज्ञानाच्या इतिहासातील खरे कार्य आहे.

बांबर्ग येथे आल्ब्रेख्त फिस्टर याने १४६१ मध्ये बोधकथांचे जे पुस्तक छापले, ते अशा सचित्र मुद्रित ग्रंथांचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक लक्षवेधी आहे तो उल्म नगरातील लिनहार्ट होल याचा छापखाना. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमी याच्या ग्रंथाची आवृत्ती त्याने १४८२ मध्ये लाकडी ठशांच्या नकाशांसह काढली. टॉलेमीच्या भूगोलात आजचे भडोच ‘बारिगाझा’ या नावाने आणि नर्मदा ‘नामादोस’ या नावाने येते, मात्र दख्खनचे द्वीपकल्प चेपून जवळजवळ नाहीसे झालेले आहे आणि सिंहलद्वीप अवाढव्य फुगले आहे. पुढच्याच वर्षी, १४८३ मध्ये, याच होलने पंचतंत्राचा जर्मन अवतार शंभराहून अधिक ठसाचित्रांसह प्रसिद्ध केला.

पंचतंत्राचा हा प्रवास कोणत्याही व्यापारी तांड्यापेक्षा लांबचा आहे. दाक्षिणात्य जनपदातील महिलारोप्य नगराच्या राजपुत्रांना विष्णुशर्म्याने सांगितलेल्या या कथा सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवान या बादशहाच्या काळी पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या, तेथे करटक-दमनक या कोल्ह्यांचे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले, मग हिब्रूतून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने त्या लॅटिनमध्ये उतरवल्या आणि लॅटिनवरून आंटोन फॉन फोर या धर्मोपदेशकाने व्यूर्टेम्बर्गच्या एबरहार्ट या सरदारासाठी त्या जर्मन केल्या. होलच्या ठशांत सिंहाचा दरबार आहे, बैल आहे, धूर्त कोल्हे आहेत. फक्त भोवतीची माणसे जर्मन पोशाखात वावरतात. चित्रकाराने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता आणि ही कथा तिथली आहे हे दाखवण्याची गरजही त्याला वाटली नाही, इतकी ती त्याच्या वाचकांची झालेली होती. मराठीत ‘पंचोपाख्यान’ या नावाने याच कथा मुंबईत १८२२ मध्ये छापल्या गेल्या, म्हणजे जर्मन वाचकाच्या हाती पंचतंत्राचे छापील पुस्तक मराठी वाचकाच्या जवळपास साडेतीनशे वर्षे आधी आले.

ज्याची कथा इतकी आपलीशी झाली, त्या देशातील माणसांविषयी मात्र विलक्षण कल्पना प्रचलित होत्या. न्यूर्नबर्गच्या हार्टमान शेडेल या वैद्याने रचलेला आणि आंटोन कोबर्गर याने १४९३ मध्ये छापलेला विश्वइतिहास हा त्या काळातील सर्वांत भव्य सचित्र ग्रंथ. त्यात ६४५ ठशांपासून १,८०९ चित्रे छापली आहेत, कारण एकच राजा अनेक राजांच्या नावाने आणि एकच नगरदृश्य अनेक नगरांच्या नावाने वापरलेले आहे. प्लिनीसारख्या प्राचीन लेखकांनी हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत वसतात असे सांगितलेली श्वानमुखी माणसे, एकाच प्रचंड पावलाची सावली करून झोपणारी माणसे, ही सारी या ग्रंथात चित्रांकित झाली. हे ठसे मिखाएल वोल्गेमुट याच्या कार्यशाळेतून आले होते, आणि याच कार्यशाळेत १४८६ ते १४८९ या काळात आल्ब्रेख्त ड्यूरर हा मुलगा उमेदवारी करत होता.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचल्यावर हे चित्र पालटू लागले. आउग्सबुर्गच्या वेल्झर पेढीने १५०५ च्या पोर्तुगीज आरमारात पैसा गुंतवला आणि आपला प्रतिनिधी बाल्थासार श्प्रिंगर याला त्याबरोबर धाडले. त्याच्या वृत्तांतावरून हान्स बुर्कमायर याने १५०८ मध्ये आफ्रिका आणि हिंदुस्थानातील लोकांची एक लांबच लांब ठसाचित्रमाला तयार केली, जिच्यात कोचीनच्या राजाची मिरवणूक आहे आणि माणसे माणसांसारखीच आहेत. श्वानमुखी लोकांनंतर अवघ्या पंधरा वर्षांत हे घडले, ही गोष्ट मोलाची मानली पाहिजे.

त्यानंतर आला गेंडा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा (कारकीर्द १५११ ते १५२६) याच्या राज्याची आग्नेय सीमा खान्देशच्या फारुकी राज्याला भिडत होती आणि सुलतानपूर व नंदुरबार ही ठाणी त्या सीमेवर गुजरातकडे होती. त्यांवरून फारुकींशी वारंवार झगडे झाले आणि मुझफ्फरनंतर पुढे ती त्यांच्या हाती गेली. यांपैकी सुलतानपूर आज शहादा तालुक्यात आहे. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी हवी होती, म्हणून त्याने १५१४ मध्ये या सुलतानाकडे वकील पाठवले. परवानगी मिळाली नाही, पण परतभेट म्हणून एक जिवंत गेंडा मिळाला. हा प्राणी गोव्यास आणून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवण्यात आला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा दिसला तो हाच. राजा मानुएलने प्राचीन लेखकांचे म्हणणे पडताळण्यासाठी त्याची हत्तीशी गाठ घालून दिली तेव्हा हत्ती पळून गेला. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला, परंतु १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडाने बांधलेला तो मुका जीव बुडून मेला.

लिस्बनहून न्यूर्नबर्गला एक पत्र आणि एक रेखाटन पोहोचले, आणि गेंडा कधीही न पाहिलेल्या ड्यूररने तेवढ्यावरून १५१५ मध्येच आपले विख्यात ठसाचित्र सिद्ध केले. त्यात गेंड्याच्या कातडीच्या घड्या लोहाराने ठोकून बसवलेल्या चिलखती पत्र्यांसारख्या आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मुळाशी पिळदार असे एक जादा लहानसे शिंगही आहे, जे कोणत्याही गेंड्याला नसते. त्याच वर्षी बुर्कमायरनेही गेंडा कोरला. त्याचा गेंडा खऱ्या प्राण्याच्या अधिक जवळचा आहे आणि त्याच्या पुढच्या पायांतील बंधनही त्याने दाखवले आहे. तरीही बुर्कमायरच्या चित्राची आज एकच छाप शिल्लक असून ती व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, तर ड्यूररचा ठसा पुन्हा पुन्हा छापला गेला, इतका की नंतरच्या छापांत लाकडाला गेलेल्या भेगा गेंड्याच्या पायांतून आरपार दिसतात. कोन्राड गेस्नर याने १५५१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्राणिग्रंथात आणि सेबास्टियान म्युन्स्टर याच्या विश्ववर्णनात ड्यूररचाच गेंडा आला, आणि १७४१ मध्ये बंगालमधून हॉलंडला आलेली क्लारा नावाची गेंडी युरोपभर हिंडेपर्यंत युरोपीय मनातला गेंडा हाच राहिला. चित्रातील चूक ठळक असूनही त्याचा प्रभाव ओसरला नाही, कारण त्या रेषांमध्ये प्राण्याचे वजन, जडपणा आणि एकाकीपणा असा काही साकारला आहे की खरा गेंडा पाहिलेल्यालाही तो पटतो.

मिरचीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. ट्यूबिंगेन विद्यापीठातील वैद्यकाचा प्राध्यापक लिओनहार्ट फुक्स याचा वनस्पतिग्रंथ १५४२ मध्ये बाझेल येथे मिखाएल इझिंग्रिन याने छापला, आणि पुढच्या वर्षी त्याची जर्मन आवृत्ती निघाली. त्यात पाचशेहून अधिक वनस्पतींची मोठ्या आकाराची ठसाचित्रे आहेत. फुक्सने चित्रकारांना छायाप्रकाशाचा दिखाऊपणा करू दिला नाही, प्रत्यक्ष वनस्पती समोर ठेवून मूळ, पान, फूल आणि फळ स्वच्छ रेषांत काढावे असा त्याचा आग्रह होता, आणि एकाच झाडावर फुले व फळे दोन्ही दाखवून ऋतुभेदाने होणारा घोटाळा त्याने टाळला. आणखी एक गोष्ट त्याने केली, जिच्यासाठी त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते : रेखाटन करणारा आल्ब्रेख्त मायर, ते ठशावर उतरवणारा हाइनरिख फ्युल्माउरर आणि ठसा कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेकले या तिघांची चित्रे त्याने ग्रंथातच नावानिशी छापली. कारागिराला इतका मान देणारा ग्रंथ त्या काळात दुर्मीळच.

या ग्रंथात मिरचीच्या एकाहून अधिक प्रकारांची चित्रे असून तिला ‘कालिकतचे मिरे’ म्हटले आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून देशभर पसरली. फुक्सच्या काळात मिरीचा व्यापार कालिकतशी जोडलेला असल्यामुळे तिखट पदार्थ म्हणजे हिंदुस्थानचा, असा समज झाला. मक्यालाही याच ग्रंथात ‘तुर्की धान्य’ म्हटले आहे, तेही अमेरिकेचेच. स्थळ चुकले, पण चित्र चुकले नाही. हंगामात ज्यांच्या डोळ्यांपुढे नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते, किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवरील मका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फुक्सची ही दोन्ही झाडे ओळखण्यासाठी एक अक्षरही वाचावे लागणार नाही.

गोव्यात पहिला छापखाना १५५६ मध्ये आला आणि तेथे १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता याचा हिंदी औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला, तेव्हा वनस्पती डोळ्यांसमोर होत्या, मुद्रणयंत्र होते, परंतु ग्रंथात चित्रे नव्हती. वनस्पतिज्ञ क्लुसियसने अँटवर्प येथे १५६७ मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला, तेव्हा त्यात काही ठसाचित्रे आली.

शेकडो ठसे कोरून घेण्याचा खर्च मोठा होता आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताम्रपटावर कोरलेली, अधिक बारीक रेषांची चित्रे लोकप्रिय होऊ लागली. फुक्सने आपल्या ग्रंथाची तीन खंडांची विस्तृत आवृत्ती तयार केली होती आणि तिच्यासाठी ठसेही कोरून घ्यायला सुरुवात केली होती. परंतु १५५७ मध्ये इझिंग्रिन वारला, त्याच्या वारसांनी हे काम अंगावर घेतले नाही, दुसरा मुद्रक मिळाला नाही, आणि १५६६ मध्ये फुक्सचे निधन झाले. त्या ठशांपैकी काही आज ट्यूबिंगेनमध्ये आहेत, आणि पंधराशेहून अधिक रंगीत चित्रांचे ते हस्तलिखित व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेले आहे.