सुकलेले ‘गन ब्लू’ पुन्हा वापरता येते का?

कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक अजूनही अनेक घरांत आहे. पावसाळ्याची दमट हवा तिची मुख्य वैरी. त्यात निवडणूक आली की पुष्कळांना बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ साली तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. ठाण्यातून परत आलेल्या बंदुकीच्या नळीवर तांबेरा दिसला की घरधन्याला फळीवरची ‘कोल्ड ब्लू’ची ट्यूब आठवते; आणि ती उघडावी तर आतला लगदा खडूसारखा सुकलेला!

ही वस्तू महाग आणि तालुक्याला सहज न मिळणारी. म्हणून टाकून देण्यापूर्वी ती आहे तरी काय, हे समजून घ्यावे.

कारखान्यात नळीला निळसर काळा रंग येतो तो उकळत्या कॉस्टिक सोड्याच्या क्षारद्रावात. तेथे लोखंडाचाच काळा ऑक्साइड तयार होतो. घरी लावायच्या कोल्ड ब्लूची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा सेलेनियमचे आम्ल, तांब्याचा क्षार आणि थोडे दुसरे आम्ल असते. पोलादावर तांबे व सेलेनियम यांचा काळा थर बसतो. थर अगदी पातळ, म्हणून तो ओरखडा झाकण्यापुरता. गंजापासून खरे रक्षण तेलच करते.

लगदा सुकतो म्हणजे बहुतेक वेळा त्यातले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी दिल्यावर पुष्कळदा तो परत कामाला येतो. मात्र विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको. त्यातले क्षार डाग पाडतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळते ते घ्यावे. तेथेच बॅटरीचे ॲसिडही असते, तेव्हा बाटलीवरचे नाव वाचूनच घ्यावी. सुकलेला ऐवज काचेच्या लहान बाटलीत काढून चार-पाच थेंब पाणी घालावे, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या काडीने ढवळावे आणि झाकण लावून रात्रभर ठेवावे. सकाळी गाठी राहिल्या तर आणखी दोन थेंब. फार पातळ केले तर रंग फिका येतो. लोखंडी खिळ्याने मुळीच ढवळू नये, कारण औषधाचा जोर त्या खिळ्यावरच खर्ची पडतो. बाटली चुलीवर किंवा दिव्यावर तापवणे तर धोक्याचे. वाफ विषारी असते.

आता परीक्षा. जुन्या विळ्याचा तुकडा घासून, तेलकटपणा काढून त्यावर थेंब लावावा. काळा डाग आला तर माल चांगला. तांबूस डाग आला तर सेलेनियम संपले आणि नुसता तांब्याचा क्षार उरला असे समजावे. बोर्डो मिश्रणात विळा बुडवून मोरचूद जास्त झाले का पाहतात, तोच हा प्रकार. बाटलीच्या तळाशी लाल भुकटी बसली असेल तर ते सुटे झालेले सेलेनियम. पाण्याने ते पुन्हा विरघळणार नाही. असा माल टाकावा.

बंदुकीला हात लावण्यापूर्वी ती रिकामी आहे याची खात्री हवीच. ठासणीच्या बंदुकीची टोपी काढावी, गज तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. तो निपलच्या आसपास न पोचता अलीकडेच थांबला तर आत भरणा आहे; काम तेथेच थांबवून परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे जावे.

गंजाचा डाग बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढावा, मग स्पिरिटने पुसावा. बोटाचा तेलकटपणा राहिला तरी रंग धरत नाही. नळी थोडी उन्हात ऊबदार करून कापसाने औषध लावावे, मिनिटभराने पाण्याने धुऊन कोरडे करावे. दोन-तीन हात द्यावे लागतात. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, पुन्हा धुऊन, वाळवून तेल लावावे आणि दुसऱ्या दिवशी परत तेलाचा हात फिरवावा. नंबर व शिक्के असलेल्या जागी घासू नये. ते पुसणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. जुन्या तपकिरी पीळदार नळीला हे औषध लावू नये, तिची शोभा जाते. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस यांवर ते चालत नाही.

गृहिणींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. लहान मुलाने या औषधाचा घोट घेतला तर जीव जाऊ शकतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. उलटी करवण्याच्या भरीस न पडता, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. काम करताना रबरी हातमोजे घालावेत आणि उघड्या हवेत बसावे. सरबताच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ते कधीही भरू नये. चिठ्ठी चिकटवून कुलपात ठेवावे.

गोठ्याजवळही ते नको. पंजाबात होशियारपूरकडे काही जमिनींत मुळातच सेलेनियम जास्त आहे, तेथे चाऱ्यातून ते पोटात जाऊन जनावरांचे केस गळतात, खूर फुटतात. म्हणून उरलेले औषध आणि भिजलेला कापूस उकिरड्यावर, विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून, बंदुकीचे सामान जेथून आणले त्या दुकानदाराला पुढल्या खेपेस विचारून त्याची वाट लावावी.