शाळेच्या वहीवर सही करण्याआधी

माण असो की जत, शाळेतून निरोप येतो, "ताई, तेवढी सही करा." आणि आम्ही पिठाच्या हातानंच सही करून मोकळ्या होतो.

ही सही कशाची? शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला. त्यानुसार जिल्हा परिषदेच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं हे समितीचं काम. म्हणजे आपलंच.

बचत गटात हिशोब वाचल्याशिवाय आपण सही करत नाही. मग शाळेत का करतो? पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारू. अनुदान किती आलं? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह मागितलं का? उत्तरं वहीत लिहायला लावू, वाचून घेऊ, मगच सही करू.

एकटीला धीर होत नसेल, तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जाऊ.