रोगसर्वेक्षणातील संगणकीय संदेश : वाक्यरचना आणि शब्दार्थ

साथीच्या रोगाचा बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्याला रोग प्रत्यक्ष दिसत नाही. त्याला रोगाची वार्ता तेवढी मिळते. ही वार्ता रुग्णाकडून डॉक्टरकडे, तेथून प्रयोगशाळेत आणि शेवटी सरकारी कचेरीत पोहोचते, व प्रत्येक टप्प्यावर तिला विलंब लागतो. अमेरिकेच्या हवाई राज्यात १९९८ च्या उत्तरार्धात प्रयोगशाळांच्या संगणकांतून आपोआप येणाऱ्या सूचनांची तुलना रूढ पद्धतीने येणाऱ्या सूचनांशी करण्यात आली. संगणकामार्फत आलेल्या सूचना २.३ पट भरल्या व सरासरीने ३.८ दिवस आधी पोहोचल्या. हगवणीच्या साथीत चार दिवसांचे अंतर म्हणजे काय, हे सांगावयास नको.

परंतु यंत्राने यंत्राला काही कळवावयाचे, तर दोघांची भाषा एक असली पाहिजे. कागदावरील मजकूर वाचणारा कारकून अपुरे वाक्य संदर्भाने पुरे करून घेतो. यंत्राला ते साधत नाही. म्हणून प्रथम वाक्यरचनेचा प्रश्न उद्भवला. १९८७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘एचएल-सेव्हन’ या संस्थेने त्यासाठी नियम बांधून दिले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संदेशात रुग्ण, मागणी व निष्कर्ष यांच्या ओळी वेगवेगळ्या असतात आणि ओळीतील रकाने उभ्या रेघेने तोडलेले असतात. (जुन्या पोथ्यांतील दंडाची आठवण व्हावी असेच हे चिन्ह आहे.) निष्कर्षाच्या ओळीत एक रकाना प्रश्नाचा, म्हणजे कोणती चाचणी केली याचा, आणि एक उत्तराचा असतो.

वाक्यरचना ठरली तरी अर्थ ठरत नाही. खरी अडचण येथूनच सुरू होते. हेपॅटायटिस-बी या काविळीच्या दोन रक्तचाचण्या पाहाव्यात. एकीत विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन शोधतात, दुसरीत त्याच प्रतिजनाविरुद्ध शरीराने निर्माण केलेले प्रतिपिंड. नावांत फरक एखाद्या उपसर्गाचा. अर्थ मात्र जवळजवळ उलट. पहिली ‘पॉझिटिव्ह’ आली तर शरीरात विषाणू आहे. दुसरी आली तर बहुधा लशीमुळे किंवा पूर्वी होऊन गेलेल्या आजारामुळे संरक्षण लाभले आहे. त्यातच पहिल्या चाचणीला कोणी ‘एचबीएस-एजी’ म्हणतो, तर कोणी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. कारण हा प्रतिजन प्रथम एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात आढळला होता. केवळ नावाच्या साम्यावरून यंत्राने तर्क केला, तर लस घेतलेली परिचारिका रुग्णांच्या यादीत जाईल आणि खरा रुग्ण यादीबाहेर राहील.

या गोंधळावर उपाय म्हणून इंडियानापोलिस येथील रेगेनस्ट्रीफ संस्थेत १९९४ साली ‘लॉइंक’ या संज्ञासंग्रहाचे काम सुरू झाले. त्यात प्रत्येक चाचणीची व्याख्या सहा अंगांनी करतात : काय मोजले, त्याचा कोणता गुण मोजला, कोणत्या काळापुरता, कशाच्या नमुन्यात, कोणत्या मापाने आणि, आवश्यक तेथे, कोणत्या पद्धतीने. अशा व्याख्येला एक क्रमांक मिळतो. रक्तद्रवातील वरील प्रतिजनाचा क्रमांक ५१९५-३ असा आहे. क्रमांकाच्या अंकांना स्वतःचा अर्थ नाही. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे भाषाशास्त्रातील जुने तत्त्व येथे मुद्दाम पाळलेले आहे. शेवटचा अंक मात्र आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे लिहिताना झालेली चूक बहुधा उघडकीस येते. उत्तराच्या बाजूस ‘पॉझिटिव्ह’, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, ‘आढळले’ अशा रूपांसाठी ‘स्नोमेड’ या दुसऱ्या संग्रहातील संकेत योजतात.

तथापि, स्थानिक नावासमोर योग्य क्रमांक मांडण्याचे काम त्या त्या प्रयोगशाळेत अखेर माणसालाच पाहावे लागते. प्रतिपिंडाच्या चाचणीपुढे प्रतिजनाचा क्रमांक पडला, तर अंकगणित त्याला हरकत घेत नाही, कारण तो क्रमांकही शुद्धच असतो. आणि मग चूकदेखील सत्याइतक्याच वेगाने पोहोचते. या कंटाळवाण्या कामाला मनुष्यबळ व पैसा क्वचितच पुरेसा मिळतो, ही या योजनांतील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

विधानाच्या निश्चिततेचाही प्रश्न आहे. भारतात २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्पात तीन नमुने ठरविण्यात आले : आरोग्यसेवकाच्या संशयासाठी ‘एस’, डॉक्टरच्या अनुमानासाठी ‘पी’ व प्रयोगशाळेच्या पुष्टीसाठी ‘एल’. ‘कॉलरा असावा’, ‘बहुधा कॉलराच आहे’ आणि ‘कॉलरा आहे’ या तीन वाक्यांतील भेद तो हाच. ‘एचएल-सेव्हन’च्या निष्कर्षाच्या ओळीतही अशाच कामाचा एक रकाना आहे, निष्कर्ष अंतिम असल्यास त्यात ‘एफ’ आणि पूर्वीचा निष्कर्ष दुरुस्त केला असल्यास ‘सी’ हे अक्षर येते. ‘सी’ असलेला संदेश आधीच्या संदेशाची जागा घेतो. घेणाऱ्या संगणकाने ते अक्षर न वाचता संदेश नवा म्हणून मोजला, तर एका रुग्णाचे दोन रुग्ण होतात, आणि त्यांतील एकाला रोग झालेलाच नसतो.