पडद्यावरची मुंबई आणि आपली उपनगरे

मुंबईवरील चित्रपट असा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. बोरीबंदर स्थानकातून वळकटी घेऊन बाहेर पडणारा भांबावलेला तरुण, मरीन ड्राइव्हवरील दिव्यांची रांग, चौपाटीवरील गर्दी, आणि पावसात भिजणारा फूटपाथ. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही नावे या चित्रांत येत नाहीत. आपण उपनगरवासी लोक सकाळच्या गाडीने शहरात जातो, संध्याकाळी परत येतो. पडद्यावरची मुंबईही आपण अशीच परक्याच्या घरी पाहुणे म्हणून पाहिली, अशी आपली समजूत असते.

ही समजूत अर्धीच खरी आहे, एवढे आजच्या व्याख्यानात दाखवावे असा आमचा विचार आहे. ज्या बोलपटांनी मुंबईचे चित्र देशभर नेले, त्यांतील पुष्कळशी मुंबई मुंबईत नव्हतीच. ती मालाड, गोरेगाव, अंधेरी, चेंबूर येथे लाकूड, गोणपाट आणि प्लॅस्टर यांची बांधलेली होती. उपनगराने शहर उभे करून दिले, पण ते स्वतः पडद्यावर यायला फार वर्षे लागली. आणि आले ते एका निराळ्याच वाटेने. ही हकीकत क्रमाने पाहू.

आरंभी चित्रपटाला कलागृहाची गरजच नव्हती. 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1899 मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. सूर्यप्रकाश हाच दिवा आणि शहर हेच नेपथ्य. दादासाहेब फाळक्यांनी दादरला आपल्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम केले आणि 1913 च्या मे महिन्यात तो गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. चित्र मुके होते. शेजारी कोणी खलबत्ता कुटत असला काय किंवा बाहेर फेरीवाला ओरडत असला काय, त्याने काही बिघडत नसे.

बोलपट आला आणि सारेच पालटले. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. अर्देशिर इराणी यांनी तो ज्या कलागृहात काढला, ते आगगाडीच्या रुळांजवळ होते. ध्वनिग्राहकाला नटीचे गाणे आणि इंजिनाची शिटी यांत भेद करता येत नाही. जे कानावर येईल ते तो सारखेच टिपतो. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर बरेचसे चित्रीकरण उरकावे लागे. अशा रीतीने वर्षानुवर्षे धंदा चालणे कठीण होते. निर्मात्यांना शांतता पाहिजे होती, मोठी आणि स्वस्त जमीन पाहिजे होती, आणि नट, सुतार, दिवेवाले यांना वेळेवर येता येईल इतकी सोयही पाहिजे होती. या तिन्ही गोष्टी एकत्र सापडत होत्या त्या शहराच्या उत्तरेस. 1928 पासून विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली होती. स्थानकाबाहेर मात्र अजून भातखाचरे आणि ताडामाडांच्या वाड्या होत्या.

1934 मध्ये हिमांशु रॉय आणि देविकाराणी यांनी मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ स्थापन केली. 1943 मध्ये त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी गोरेगावला ‘फिल्मिस्तान’ काढली. अंधेरीला विजय भट्ट यांची ‘प्रकाश’ होती, पुढे मोहन स्टुडिओ नावारूपाला आला. आणि स्वातंत्र्यानंतर राज कपूर यांनी चेंबूरला आर. के. स्टुडिओ उभारला. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या वेळी यांतील बहुतेक जागा कायद्याने मुंबई शहरात नव्हत्या. 1950 मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आली आणि 1957 मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. ‘बॉम्बे’ हे नाव मिरवणारी बॉम्बे टॉकीज तिच्या उमेदीच्या काळात बॉम्बेच्या हद्दीबाहेर होती!

मग या कलागृहांत काय बांधले गेले? अंधेरीला 1943 च्या ‘रामराज्य’मधील अयोध्या उभी राहिली. अंधेरीच्याच मोहन स्टुडिओत ‘मुगल-ए-आझम’चा शीशमहाल चमकला, तो चित्रपट 1960 मध्ये पडद्यावर आला. मालाडला 1943 मध्ये ‘किस्मत’ तयार झाला. त्यात अशोककुमार खिसेकापू झाले होते, आणि त्यातील शहराचे रस्ते व नाटकगृह हे सुतारांच्या हातचे होते. अयोध्येपासून आग्र्यापर्यंत सर्व काही अंधेरीत होते. नव्हती ती फक्त अंधेरी.

शहर हाकेच्या अंतरावर असताना ते पुन्हा बांधायचे कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याची कारणे व्यवहारी आहेत. कॅमेरा जड, दिवे त्याहून जड. लोकप्रिय नट रस्त्यात उभा राहिला की पाच मिनिटांत वाहतूक बंद पडते. पाऊस हवा तेव्हा येत नाही आणि नको तेव्हा येतो. 1955 च्या ‘श्री 420’मध्ये नायक-नायिका एका छत्रीखाली भिजत चालतात, तो पाऊस ढगांतून आलेला नसून नळातून आलेला आहे, आणि रस्ता चेंबूरचा आहे. अशी दृश्ये पाहताना एक सोपी खूण सांगतो. आकाश किती दिसते ते पाहावे. बांधलेल्या रस्त्याला आकाश फारसे नसते, तो लवकर वळतो, आणि वळणापलीकडे काय आहे ते कॅमेरा कधीच दाखवीत नाही. खरा रस्ता दूरवर जात राहतो आणि त्यात कथेशी काहीएक संबंध नसलेली माणसे आपापल्या कामाला जात असतात.

ही कथेबाहेरची माणसे हीच आज आम्हांला सर्वांत मोलाची वाटतात. 1954 मध्ये चेतन आनंद यांनी ‘टॅक्सी ड्रायव्हर’ काढला आणि छायालेखक व्ही. रात्रा यांचा कॅमेरा मुंबईच्या रस्त्यांवर आणला. नामावलीत नटनट्यांच्या जोडीला मुंबई शहराचेही नाव आहे. ते शोभेसाठी दिलेले नाही. शहराने खरोखरच त्यात काम केले आहे. 1956 मध्ये ‘सी.आय.डी.’ आला. त्यातील मुंबईवरचे मजरूह यांचे गाणे तुम्हां सर्वांना पाठ असेल. इमारती, ट्रामगाड्या, मोटारी, गिरण्या यांची त्यात हसतखेळत यादी आहे आणि जाता जाता बेघर माणसाला शहर काय म्हणते त्यावर टोमणाही आहे. 1960 च्या ‘काला बाजार’मध्ये नायक तिकिटांचा काळाबाजार करतो, त्यात लिबर्टी चित्रपटगृहातील ‘मदर इंडिया’च्या पहिल्या खेळाची खरीखुरी दृश्ये गुंफली आहेत.

मुंबईतील शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. ज्यांचा जन्म त्यानंतरचा, त्यांनी ती कोठे पाहायची? अहवालात तिचे मार्ग सापडतील, संग्रहालयात एखादा डबा सापडेल. पण चालत्या ट्रामचा दांडा धरून माणूस आत कसा शिरे, ते या करमणुकीच्या चित्रपटांत कडेला नकळत टिपले गेले आहे. दिग्दर्शकाचे लक्ष नायकाकडे होते; शहराची नोंद आपोआप होत गेली. अशी नोंद मुद्दाम करू म्हणून होत नाही.

आता तिसऱ्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. मुंबईच्या चांगल्या चित्रपटांचा खरा विषय प्रेम नव्हे, गुन्हाही नव्हे; तो घर हा आहे. ‘श्री 420’ची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, आणि पटकथेत त्यांच्या जोडीला व्ही. पी. साठे होते. अलाहाबादहून आलेला शिकलेला तरुण फूटपाथवरच्या गरिबांत राहतो आणि पुढे लबाडांच्या टोळीत सापडतो. टोळीची सर्वांत मोठी लबाडी कोणती? शंभर रुपयांत घर देण्याची योजना! शंभर रुपयांत घर होत नाही हे लोकांना कळत नव्हते असे नाही. परंतु गरज इतकी होती की कळूनही पैसे भरावेसे वाटत. एकेकट्याच्या शंभर रुपयांत न होणारे काम सर्वांनी एकत्र आल्यास होऊ शकेल, हा त्यातला अखेरचा बोध आहे. सहकारी गृहसंस्थेची वर्गणी भरलेल्या आपल्यासारख्यांना तो पटायला अडचण पडू नये.

याच अब्बास यांनी 1963 मध्ये ‘शहर और सपना’ काढला. त्यातील जोडपे रस्त्याकडेला पडलेल्या गटाराच्या मोठ्या नळात संसार मांडते. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. पुढे 1970 मध्ये राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा मराठी चित्रपट आला, आणि त्यावरूनच बासू चटर्जी यांनी 1972 मध्ये ‘पिया का घर’ केला. नवी नवरी सासरी येते तर माणसे भरपूर आणि खोल्या मोजक्या. नवपरिणितांना दोन शब्द बोलायलाही आडोसा नाही. ज्यांनी चाळीत दिवस काढले त्यांना हे विनोदी वाटते आणि बोचतेही.

या टंचाईमागे केवळ गर्दी नव्हती, कायदाही होता. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. राहत्या भाडेकरूला त्याचा आधार मिळाला, परंतु नवी घरे भाड्याने देण्यासाठी बांधण्यात मालकाला रस उरला नाही. ज्यांच्याजवळ पागडी नव्हती त्यांनी विकत घ्यायची ती जागा. आणि मध्यमवर्गाला परवडेल अशी विकतची जागा होती ती रेल्वेच्या दोन्ही अंगांना, आपल्या उपनगरांत. पैसे आगाऊ भरायचे आणि इमारत वर चढण्याची वाट पाहायची. फसवणुकीला आळा बसावा म्हणून महाराष्ट्र सरकारने 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. तरीही 1977 मध्ये भीमसेन यांना ‘घरौंदा’ काढावासा वाटला, यावरून काय ते समजावे.

‘घरौंदा’तील सुदीप आणि छाया एकाच कचेरीत नोकरीला. दोघे जागा पाहत हिंडतात, अर्धवट बांधलेल्या इमारतीत आपली भांडी कोठे मांडू याची स्वप्ने रंगवितात, पै-पै साठवून पैसे भरतात आणि बांधकामवाला ते बुडवून नाहीसा होतो. मग सुदीपच छायेला सुचवितो की, आपल्या आजारी, श्रीमंत वरिष्ठाशी तू लग्न कर. तो काही फार दिवसांचा सोबती नाही, मागाहून पैसा आपलाच. ती चिडते, आणि अखेर खरोखरच त्या गृहस्थाशी लग्न करते. अमोल पालेकर, झरीना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू या तिघांच्या कामामुळे ही गोष्ट कोठेही भडक होत नाही. चांगल्या माणसाच्या तोंडून इतके हीन बोलणे केवळ दोन खोल्यांपायी बाहेर पडते, हे पाहून आपण चरकतो. आमच्या मते उपनगर पडद्यावर आले ते या वाटेने. देखावा म्हणून नव्हे, तर मिळेल न मिळेल अशा घराच्या रूपाने.

येथे मराठी लेखणीचे ऋण सांगितले पाहिजे. हिंदी पडद्यावर मुंबईचे जे अस्सल चित्र उमटले, त्याच्या मुळाशी पुष्कळदा मराठी लेखक आहे. झोपडपट्टीचे दर्शन घडविणारा 1981 चा ‘चक्र’ जयवंत दळवींच्या कादंबरीवरून झाला. सई परांजपे यांचा 1983 चा ‘कथा’ हा चाळीतील चित्रपट शं. गो. साठे यांच्या नाटकावरून झाला. त्याच वर्षीचा ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरचा, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. मराठीत 1979 चा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून आला. ही मंडळी मुंबई बघायला आलेली नव्हती. ती येथे राहत, येथे नोकऱ्या करीत, आणि म्हणून त्यांच्या लिखाणात शहर बाहेरून रंगविलेले दिसत नाही.

आणि ती कलागृहे? बॉम्बे टॉकीजचा कारभार 1954 च्या सुमारास थांबला. मोहन स्टुडिओ आता उरला नाही. आर. के. स्टुडिओला 2017 मध्ये मोठी आग लागली आणि पुढे ती जमीन घरे बांधणाऱ्या कंपनीने घेतली. ज्या आवारात शंभर रुपयांच्या घराची गोष्ट चित्रित झाली, त्याच जागी आता घरे विकली गेली. त्यांच्या किमती येथे सांगून आम्ही कोणाचा विरस करीत नाही. याबद्दल गळा काढावा असेही आम्हांला वाटत नाही. माणसांना घरे पाहिजेतच.

खेद वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. दक्षिण मुंबईचे रस्ते पन्नास चित्रपटांतून राहिले. आपली उपनगरे मात्र ज्या काळात भातखाचरांतून वस्तीत आली, बैठ्या घरांच्या चाळी झाल्या, चाळींच्या सोसायट्या झाल्या आणि त्या सोसायट्या आता पुन्हा पाडून मनोरे होत आहेत, त्या काळाचे फार थोडे पडद्यावर आहे. जे आहे ते ओळखणारे डोळे आज घरोघरी आहेत. तेव्हा आमची एकच विनंती आहे. यापुढे घरी एखादा जुना चित्रपट लागला की नातवंडांना जवळ बसवावे, आणि नायकाच्या मागे दिसणारे स्थानक कोणते, ते मैदान कोठे होते, तेथे आज काय आहे, हे गोष्ट मोडली तरी चालेल पण थांबवून सांगावे. एखाद्याने ते वहीत उतरवून ठेवले तर अधिकच बरे. कॅमेऱ्याने नकळत टिपलेले आपण कळून जपावे, यासाठी कोणत्याही कलागृहाची गरज नाही.